बंधाऱ्याची नोंद सापडेना: नोट्स अ‍ॅपच्या सर्चमधला पॅच कुठवर आला

आत्ताची स्थिती: पहिला पॅच (कोडमधला छोटा बदल) मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला. दुसरा अप्रूव्ह होऊन पुढच्या रिलीजची वाट बघतोय. तिसरा अजून माझ्याच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या माझ्या प्रतीत आहे.

मागची नोंद न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मी एका ओपन सोर्स नोट्स अ‍ॅपमध्ये टिपतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. अ‍ॅप दोन-तीन हौशी लोक नोकरी सांभाळून चालवतात. त्यात ‘बंधाऱ्या’ असं शोधलं की लॅपटॉपवर लिहिलेल्या नोंदी येतात, फोनवरच्या गायब! पडद्यावर अक्षर तेच, पण आत साठवलेला क्रम वेगळा. एकीकडं ऱ, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), य. दुसरीकडं साधा र, हलंत, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य. तिसरा प्रकारही सापडला: र ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून केलेला ऱ.

नुक्त्याचा प्रकार सोपा होता. एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतीनं साठवलेलं तेच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की र आणि नुक्ता मिळून थेट ऱ होतो, हा युनिकोडचाच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा नियम. तेवढाच बदल वेगळा काढून पाठवला, तो पहिला पॅच. मराठी न येणाऱ्यालाही तो तपासता येतो, त्यामुळं लगेच आत गेला. जॉइनरवाल्या प्रकाराला मात्र एनएफसी हात लावत नाही. तिथं स्वतःचा नियम लिहावा लागतो. तो दुसरा पॅच, आणि रिव्ह्यू (पॅचची तपासणी) अडकला तो तिथंच.

रिव्ह्यू करणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, शोधताना सगळे जॉइनर सरळ गाळून का टाकत नाही? प्रश्न रास्तच, युनिकोडच्या डीफॉल्ट सॉर्टिंगमध्येही जॉइनर मोजला जात नाही. पण जॉइनर गाळला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे सह्याद्री शोधायला गेलेला माणूस थेट समुद्रात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचंही तेच होतं. हे त्याला लांबलचक समजावून सांगण्यापेक्षा टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) लिहिल्या. त्यात देवनागरी न टाकता एकेक कोडपॉइंट (अक्षराचा युनिकोड क्रमांक) आकड्यात लिहिला, शेजारी इंग्रजीत अर्थ, आणि कोणत्या दोन जोड्या जुळल्या पाहिजेत, कोणत्या अजिबात जुळता कामा नयेत ते. स्क्रीनशॉटही दिले. समोरच्याला लिपी येत नसली तरी आकडे वाचता येतात. कुणी भारतीय भाषांसाठी पॅच पाठवत असाल तर बाकी काही नाही केलंत तरी चालेल, एवढं कराच.

मग शांतता. राजारामपुरीत रविवारी आमची चौघांची बैठक असते, तिथं एकजण वैतागला, “भावा, मर्जचं बटण दाबायला त्याला काय होतंय?” बटणाला काहीच होत नाही, पण ते दाबल्यावर तो कोड त्याच्या गळ्यात पडतो. मी उद्या गायब झालो तर ऱ चा बग कोण सोडवणार? लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नियमांतही लिहिलंय की आठवण करून देण्याआधी किमान एक आठवडा थांबा, मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायचा गडबडीचा काळ) चालू असेल तर कदाचित आणखी. घाई लावण्यात धोकाही असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनातलं बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) उघड झालं. त्याच्या आधी दमलेल्या एकट्या मेंटेनरमागं (प्रकल्प सांभाळणाऱ्यामागं) ‘पॅच का अडकलेत, दुसऱ्याला हक्क द्या’ म्हणून काही ऑनलाइन खात्यांवरून लकडा लावला गेला होता, आणि हक्क मिळालेल्यानंच पुढं ते घुसवलं. तेव्हापासून ‘लवकर बघा की’ एवढंच लिहायला माझा हात धजत नाही.

त्याऐवजी रांगेतले इतरांचे पॅच चालवून बघायला लागलो. पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये ही पद्धतच आहे: कमिटफेस्टमध्ये (रांगेतले पॅच तपासायच्या ठरलेल्या काळात) आपला पॅच टाकणाऱ्यानं दुसऱ्याचा साधारण तेवढाच पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. इथं तसा नियम नाही, पण काम तर तेच. ‘छान आहे’ लिहून उपयोग नसतो. कुठल्या फोनवर चालवलं, काय केल्यावर काय झालं, कुठं फुटलं, एवढं लिहिलं की मेंटेनरचा अर्धा वेळ वाचतो. तारखांच्या फॉरमॅटचा एक पॅच जुन्या अँड्रॉइडवर कोसळत होता, तो असाच हाती लागला. त्यानंतर माझ्या पॅचकडं कुणीतरी वळलं. दोन्हीचा संबंध असेलच असं नाही, पण मला तो आहे असं वाटतं!

अप्रूव्ह करताना एकच अट आली: नियम फक्त शोधापुरता, साठवलेल्या मजकुरात बदल नको. बरोबरच आहे, लोकांच्या नोंदीला अ‍ॅपनं हात का लावावा?

आता तिसरा पॅच. शोधलेला शब्द पिवळा करताना जागा चुकते, कारण ‘ऱ्य’ एका पद्धतीत तीन कोडपॉइंटचा, दुसरीत चारचा. जुळवलेल्या मजकुरातली जागा मूळ मजकुरातल्या जागेवर परत बसवायला हवी. हे क्रमांक दोनच्या पॅचमध्येच कोंबावं असा मोह झाला होता, पण मग तपासणाऱ्याला दोन कोडी एकदम सोडवावी लागली असती. सध्या टेस्ट लिहितोय. वेगवेगळे मराठी कीबोर्ड वापरणारे असाल तर ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘ऱ्हास’ हे शब्द आपापल्या फोनवर टाइप करून आत कोणते कोडपॉइंट साठतात ते कळवा, कीबोर्डच्या नावासकट.