धनुष्य हलकेच घ्यावे

वाशीला चाळिशीत तिरंदाजी शिकायला लागल्यापासून शेजारीपाजारी सगळे मला एकच विचारतात, ते म्हणजे नेम लागतो का. नवशिक्याने सुरुवातीला नेमाचा विचारच करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पाहायचे ते एवढेच की बाण एकमेकांजवळ लागतात की नाही. सगळे बाण मध्यापासून डावीकडे, पण एकाच ठिकाणी रुतले असतील, तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, थोडी डावीकडे सरकवली की ते मध्यावर येतात. विखुरलेल्या बाणांना मात्र साइटचा काहीही उपयोग नसतो, कारण तिथे चूक दर वेळी निराळी असते. म्हणूनच आमचे प्रशिक्षक अगदी जवळून, कागद न लावलेल्या कोऱ्या टार्गेटवर बाण सोडायला लावतात, म्हणजे डोळा वर्तुळे शोधत बसत नाही आणि लक्ष खांद्याकडे, पाठीकडे व बोटांकडे राहते.

या एकसारखेपणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जड, ओढायला फार जोर लागणारे धनुष्य. धनुष्याचा जोर पौंडात मोजतात आणि लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वरच्या व खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर, छापलेला आकडा साधारणपणे दोरी 28 इंचांपर्यंत ओढल्यावरचा असतो. प्रौढ नवशिक्याला 20 पौंडांच्या आसपासचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य पुरेसे होते, तरी धडधाकट माणसांना ते कमीपणाचे वाटते आणि ती थेट 30-35 पौंडांकडे वळतात. मग दोरी पाठीच्या स्नायूंऐवजी दंडाच्या ताकदीने ओढली जाते, खांदा वर चढतो, हात हनुवटीखालच्या ठरलेल्या जागी पोहोचण्याआधीच बाण सुटतो, आणि एकदा जडलेली ही सवय पुढे महिनोन्महिने पाठ सोडत नाही. खांद्याच्या दुखापतीचा धोका वेगळाच. सुटे भाग होणाऱ्या रिकर्व्हचा मोठा फायदा असा की मधला रायझर, म्हणजे हातात धरायचा भाग, तोच ठेवून केवळ लिम्ब बदलून जोर वाढवता येतो, त्यामुळे हलक्या लिम्बवरचा खर्च मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही.

बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जाणारी सारी ऊर्जा तेव्हा धनुष्यातच उरते आणि लिम्ब तडकू शकतात.

आमच्या भागात दुपारनंतर खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटतो. हलक्या धनुष्याचा बाण संथ जात असल्याने तो वाऱ्यात अधिक सरकतो, म्हणून शक्यतो सकाळी सराव करावा. पावसाळ्यात छताखाली 18 मीटरवर 40 सेंटीमीटरच्या कागदावर सराव करता येतो. इनडोअर स्पर्धांचेही अंतर तेच असते.

नागपूरच्या ओजस देवतळे याने 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडच्या, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले, म्हणजे 50 मीटरवरून सोडलेल्या 15 बाणांपैकी प्रत्येकाने 8 सेंटीमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ गाठले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांची विश्वविजेती झाली. या दोघांच्या लढतींची चित्रणे मी पुन्हा पुन्हा पाहतो, पण बाण कुठे लागला याकडे न पाहता प्रत्येक बाणाच्या वेळी त्यांचा पवित्रा किती तंतोतंत सारखा असतो, ते पाहतो. तूर्त माझ्या धनुष्याचे लिम्ब बदलण्याचा माझा विचार नाही.