जीपच्या मागचा डबा

आमच्या घरी 1992 ची महिंद्राची एमएम 540 जीप आहे. संत्र्याचा एक बहार चांगला गेला तेव्हा बाबांनी घेतली, आणि मी गाडी शिकलो तो तिच्यावरच. आमचं गाव अचलपूर तालुक्यात, जमीन काळी कसदार. पहिला पाऊस झाला की शेताच्या धुऱ्यावर चाकाला माती अशी बसते की चाक मडगार्डला घासायला लागतं. ट्रॅक्टर सोडला तर तिथं फक्त ही जीप जाते. पंधरा वर्षं झाल्यावर हिची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तरी घरात ती विकायचा विषय कधी निघाला नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले आणि मचाणावर चढणं बंद झालं. हरभऱ्यात रानडुकरं येतात, जागलीला माणूस लागतोच, आणि बाबांना शेतात झोपल्याशिवाय करमत नाही. तेव्हा ठरवलं, जीपच्या मागे लागेल असा झोपायचा डबा करायचा. दोघांची गादी, पाणी, गॅसची शेगडी, आणि उंची अशी की बाबांना बसल्या बसल्या पाय आत घेता यावेत. शेतात उभा राहील आणि हिवाळ्यात धारणीकडे आत्याच्या शेतावरही नेता येईल.

गाडीच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते जीपकडे बोट दाखवून म्हणाले, "हे एकटीच सकाळी चालू होत नाही, अन् तू इच्या मांगं डबा लावून राहिला? आधी हे पाहू बाप्पा."

खरंच होतं. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. या गाडीत 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन आहे, त्याला थंडीत चालू होण्याआधी आतून तापवणारे हीटर प्लग लागतात. चारही प्लग काढून बॅटरीवर लावले, दोन लाल होत नव्हते. ते बदलले. फरक पडला, पण थोडाच. एका ठिकाणी सांगितलं, इंजिनात डिझेल फवारणारा मोठा पंप काढा, त्याचं माप परत जुळवा, म्हणजे कॅलिब्रेशन करा. तो मोठा खर्च होता, म्हणून आधी एक करून पाहिलं. टाकीकडून फीड पंपाकडे, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडे येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडली, सलाईनसारखी, तीही तपासण्यापुरतीच. इंजिन चालू केलं आणि त्या नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक सरकताना दिसले.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग डिझेल ओढण्याचा. तिथं नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून गाडीखाली कधी डाग दिसला नाही. रात्री गाडी उभी असली की त्या चिरेतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं, आणि सकाळी पंपाच्या वाट्याला हवाच येते. क्लिपखाली रबरी नळी केसभर फाटली होती. नळी, दोन क्लिपा, तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग गरम केल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. ज्याची जुनी डिझेल गाडी सकाळी छळते त्याने मोठ्या पंपाला हात लावण्याआधी ही नळी जरूर पाहावी.

ब्रेकमध्ये मात्र काटकसर केली नाही. चारही चाकांना ड्रम. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर ओले होते, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर तेलात भिजलेले. भिजलेला लायनर घासून परत लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नये. सिलिंडर, लायनर, मास्टर सिलिंडरचं किट, सगळं नवं घातलं. हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं, पुढचं उजवं. पायडल मी दाबत होतो, खाली मिस्त्री. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काळ्या चहासारखं उतरलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग उतारावर तापलं की उकळायला लागतं. घाटात जायचं तर हे आधी.

डबा कोऱ्या लोखंडापासून करायचं मनात होतं, ते सोडलं. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते. म्हणून जुना जीप ट्रेलर शोधला, आरसी असलेला, आणि आधी तो नावावर करून घेतला. चॅसिस तीच ठेवली. त्याला जीपचेच हब, म्हणजे चाक बसतं तो मधला भाग, होते, पाच बोल्टचे, 6.00-16 चे टायर. म्हणजे एकच स्टेपनी दोघांनाही चालते आणि एक जोडी बेअरिंग सोबत ठेवली की भागतं. ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात कामाची. ट्रेलरला वेगळ्या मापाचं चाक असेल तर जंगलाच्या रस्त्यावर पंक्चर झाल्यावर काय करणार?

बेअरिंग रॉकेलने धुतले, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीतून दुसरीकडून बाहेर येईपर्यंत दाबलं. चाक फिरवत नट घट्ट केला, मग थोडा मागे घेतला आणि लॉक वायसर दुमडला. स्प्रिंगच्या पाट्यांची थप्पी सात पाट्यांची होती, मालासाठी. इतक्या कडक पाट्यांवर हलका डबा उड्या मारतो, म्हणून दोन्हीकडून तीन-तीन काढले.

वरचं काम गावातल्या ट्रॉलीवाल्याकडे केलं. मे महिना होता, दिवसा लोखंडाला हात लावता येत नव्हता, म्हणून वेल्डिंग संध्याकाळनंतर. दीड इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा, वरून पत्रा, आत वॉटरप्रूफ प्लाय, छताला ताडपत्री. परतवाडा म्हणजे सागाची बाजारपेठ, सुतार म्हणाला आतून सागवान लावू. मलाही ते फार आवडलं असतं, पण प्रत्येक फळीचं वजन शेवटी जीपच्या ब्रेकवरच येतं. सागाची फक्त चौकट ठेवली, बाबा उठताना धरतात ती.

मग पहिल्यांदा परतवाडा रोडवर नेलं. चाळीसच्या पुढे गेलो आणि डबा मागून शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग इतका की जीपचं मागचं अंग ओढलं जाऊ लागलं. ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, तेव्हा शांत झाला. शेजारी मोठी पोरगी बसली होती. तिचे हात डॅशबोर्डच्या दांड्यावर पांढरे पडले होते. त्या दिवशी गाडी हळूहळू घरी आणली आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा काढली नाही.

कारण काट्यावर कळलं. जिनिंगच्या वजनकाट्यावर भरलेला डबा एकटा उभा केला: 410 किलो. मग घरी सोयाबीन मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठोकळा ठेवून त्यावर जीपच्या हुकात अडकणाऱ्या दांडीचं टोक टेकवलं: 11 किलो. डबा सरळ चालायला एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा, म्हणजे साधारण 41 ते 61 किलो. माझ्याकडे तीन टक्केही नव्हता. साठ लिटरची पाण्याची टाकी मी मागच्या बाजूला बसवली होती, नळ बाहेरून वापरायला सोपा म्हणून. हुकापासून आसापर्यंत सात फूट अंतर. टाकी आसाच्या मागून पुढे, एकूण पाच फूट सरकवली, की हुकावर साठ गुणिले पाच भागिले सात, म्हणजे जवळपास 43 किलो वाढायला हवे. टाकी हलवली आणि काटा पाहिला: 54. हिशोब बरोबर निघाला तेव्हा बाबांनी तो आकडा खडूने डब्याच्या दारावर लिहून ठेवला. अजून पुसलेला नाही. त्यानंतर त्याच रस्त्याने नेला, डबा सरळ चालला.

वायरिंगमध्ये एकच त्रास झाला. उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मिणमिणायचा. हुकातून अर्थिंग नीट मिळत नव्हतं. वेगळी अर्थची वायर जीपच्या चॅसिसपर्यंत ओढली, संपलं. हुकाच्या खालून दोन साखळ्या आडव्या-तिडव्या लावल्या आहेत, पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर पडू नये म्हणून.

कार्तिकात धारणीला निघालो, घटांग-सेमाडोहच्या रस्त्याने. मेळघाटात वाघ आहेत, 1973-74 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळे जंगलात कुठेही डबा लावून झोपायचं नाही हे आधीच ठरलं होतं. मुक्काम आत्याच्या शेतावरच. उतारावर तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर ठेवला. डब्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, तो मागून ढकलतो, आणि ते ढकलणं कंबरेला जाणवतं. घटांगला थांबून चारही ड्रमजवळ हात नेला, मग डब्याच्या दोन्ही हबला लावला. डावा कोमट होता, उजवा थोडा जास्त. जॅक लावून नट अर्धा घर मागे घेतला. सेमाडोहला सिपनेच्या पुलाजवळ परत हात लावला, दोन्ही सारखे.

आत्याच्या शेतात हरभरा नुकताच वर आला होता. बाबा दाराच्या चौकटीला धरून आत बसले, पाय वर घेतले आणि बॅटरी उशाशी ठेवली. आत्या म्हणाली, "दादा, घरात झोप ना, बाहीर थंडी हाय." बाबांनी तिला गादीवर शेजारी बसवून घेतलं, आणि दोघं रात्री उशिरापर्यंत आजोबांच्या बैलांबद्दल बोलत राहिले.