क्लाउडवरचे कुलूप तपासताना

गेले काही आठवडे मी माझी महत्त्वाची कागदपत्रे क्लाउडवर चढवण्याआधी स्वतःच्या संगणकावरच एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी बनवून, पाहत आहे. बहुतेक साठवणूक सेवा फाईल त्यांच्या सर्व्हरवर पोहोचल्यावर ती एन्क्रिप्ट करतात आणि किल्लीही त्यांच्याकडेच राहते. सर्व्हरची डिस्क चोरीला गेली तर त्यामुळे संरक्षण मिळते. पण सेवा चालवणारा कर्मचारी किंवा त्याच्या यंत्रणेत शिरलेला माणूस ती फाईल वाचू शकतो. क्लाएंट-साइड एन्क्रिप्शनमध्ये फाईल आपल्या यंत्रातून बाहेर पडण्यापूर्वीच बंद होते आणि किल्ली सर्व्हरला दिली जात नाही, असा दावा असतो. योग्य पासवर्ड दिल्यावर फाईल उघडते, एवढ्याने या दाव्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ज्या ठिकाणी ती उघडता कामा नये तिथे ती खरोखर बंद राहते का, हे पाहावे लागते, आणि माझ्या सगळ्या चाचण्या मी याच प्रश्नाभोवती बांधल्या.

पहिली चाचणी खूणवाक्याची. कुठल्याही भाषेत न सापडणाऱ्या चार शब्दांचे एक वाक्य मी तयार केले, ते एका मसुद्यात टाकले आणि मसुदा एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात जतन केला. क्लाउडच्या शोधपेटीत ते वाक्य सापडले नाही. संगणकातून बाहेर जाणारी रहदारी मध्यस्थ प्रॉक्सीतून, म्हणजे वाटेत बसवलेल्या प्रोग्रॅममधून, पाहिली, तिथेही ते नव्हते. मग मी स्वतःच्या डिस्कवर शोध घेतला आणि तिथे मात्र ते उघड्यावर सापडले. मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमने वीज गेल्यास काम वाचावे म्हणून बनवलेली तात्पुरती प्रत तिजोरीच्या, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डराच्या, बाहेर साध्या फोल्डरात होती, आणि तो फोल्डर बॅकअपमध्येही जात होता. एन्क्रिप्शनच्या साधनाचा यात काही दोष नव्हता, तरी परिणाम तोच. छायाचित्रांच्या बाबतीत लहान पूर्वदृश्ये अशीच साठून राहतात.

एन्क्रिप्शनने काय झाकले जात नाही, याचीही नोंद मला करायची होती. क्रिप्टोमेटर हे क्लाउडवरच्या फाईली एन्क्रिप्ट करणारे साधन; तो फाईलचा मजकूर आणि नाव दोन्ही झाकतो, फोल्डरांची रचनाही ओळखू येऊ देत नाही. परंतु फाईलींची संख्या, त्यांचे आकार आणि बदलाच्या वेळा झाकत नाही, आणि हे त्याच्या निर्मात्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. आरक्लोन या क्लाउडवर फाईली चढवण्या-उतरवण्याच्या साधनाच्या क्रिप्ट नावाच्या एन्क्रिप्शन प्रकारात एका बाइटची फाईल ४९ बाइटची होते: ३२ बाइट शीर्षकाचे, १६ बाइट सत्यतेच्या खुणेचे आणि एक मूळ मजकुराचा. हा हिशेब ठरलेला असल्यामुळे झाकलेल्या फाईलवरून मूळ आकार तंतोतंत काढता येतो. एखादा अहवाल सगळीकडे फिरत असेल आणि नेमक्या त्याच आकाराची फाईल माझ्याकडे असेल, तर ती न उघडताही बरेच काही कळते.

सर्वांत जास्त वेळ मी छेडछाडीच्या चाचणीला दिला. एन्क्रिप्ट झालेल्या फाईलमधला मधलाच एक बाइट बदलला, तेव्हा साधनाने ती उघडण्यास नकार दिला, आणि तसेच व्हायला हवे होते. त्यानंतर मी त्या फाईलची आठवडाभरापूर्वीची प्रत जुन्या जागी आणून ठेवली. ती कोणतीही सूचना न देता उघडली. एकाच फोल्डरातल्या दोन फाईलींच्या आतल्या मजकुराची अदलाबदल केली, तीही त्याला कळली नाही. कारण समजण्यासारखे आहे: मजकुराचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जातो, तो तुकडा या किल्लीने बनला आहे एवढे सिद्ध होते, पण कोणत्या नावाखाली कोणती आवृत्ती असायला हवी याची आठवण कुठेच ठेवलेली नसते. सर्व्हरला माझा करारनामा वाचता येत नाही हे खरे, मात्र त्याचा जुना मसुदा मला शेवटचा म्हणून दाखवता येतो. ही शक्यता वापरणाऱ्याला आधीच सांगितली गेली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

फाईल दुसऱ्याला देताना प्रश्न अधिक कठीण होतो, कारण आता किल्ली प्रवासाला निघते. मोझिलाने २०१९ मध्ये आणलेल्या आणि २०२० मध्ये बंद केलेल्या फायरफॉक्स सेंड या फाईल पाठवण्याच्या सेवेत किल्ली दुव्यातल्या हॅश (#) चिन्हानंतरच्या भागात असे, आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही. रचना सुंदर आहे. तरीही असा संपूर्ण दुवा आपण साध्या ईमेलने पाठवला तर किल्ली ईमेल सेवेकडे जाते. सार्वजनिक किल्लीची पद्धत, जिच्यात समोरच्याच्या उघड किल्लीने फाईल बंद होते आणि फक्त त्याच्याकडच्या खासगी किल्लीने उघडते, यावर उपाय ठरते, पण समोरच्याची किल्ली आपल्याला देतो कोण? सर्व्हरच. त्याने स्वतःची किल्ली पुढे केली तर मी फाईल बिनदिक्कत त्याच्यासाठीच बंद करेन. २०२२ मध्ये ईटीएच झुरिख या स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मेगा या क्लाउड साठवणूक सेवेच्या रचनेत दाखवलेल्या एका हल्ल्यात वापरणाऱ्याच्या ५१२ लॉगिनांनंतर त्याची खासगी किल्ली सर्व्हरला मिळवता येत होती. २०२४ मध्ये त्याच संस्थेतून आणखी पाच सेवांचे परीक्षण झाले आणि सार्वजनिक किल्ली खरी असल्याची खात्री न करणे हा दोष त्यांतल्या काहींत आढळला. म्हणून समोरच्याच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी छोटी अक्षरमाला, दाखवणारे आणि तो फोनवर एकमेकांना वाचून पडताळू देणारे साधनच मी फाईल दुसऱ्याला देण्यासाठी घेतो.

प्रवेश काढून घेण्याची चाचणी दुसऱ्या खात्यावरून केली. यादीतून नाव काढले, तरी त्या खात्याच्या संगणकावर उतरलेली प्रत तशीच राहिली, आणि ते साहजिक आहे. पाहायचे होते ते पुढच्या फाईलींचे. एकाच पासवर्डवर चालणाऱ्या तिजोरीत नाव काढण्याला अर्थच नाही. नवी तिजोरी बनवून सगळे पुन्हा एन्क्रिप्ट करावे लागते. नुसता पासवर्ड बदलल्याने आतली मुख्य किल्ली बदलत नाही, त्यामुळे जिच्याकडे जुनी किल्ली-फाईल आणि जुना पासवर्ड आहेत ती व्यक्ती सर्व्हरवरची फाईल मिळाल्यास आजही वाचू शकते.

सध्या ओळखपत्रे आणि आर्थिक कागद तिजोरीत आहेत, अनेकांनी मिळून लिहायचे मसुदे मात्र बाहेरच ठेवले आहेत, कारण शोध आणि एकाच वेळचे संपादन सोडणे त्या कामाला परवडत नाही. तात्पुरत्या प्रतींची जागा एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर हलवली. पासवर्ड हरवल्यास वापरायची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून, कोऱ्या संगणकावर फक्त त्या कागदाच्या आधारे सगळे उघडून पाहिले. जुन्या आवृत्तीचा प्रश्न साधनाकडून सुटत नसल्यामुळे प्रत्येक फाईलच्या हॅशची, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या आणि मजकूर बदलला की बदलणाऱ्या संख्येची, यादी मी माझ्याच यंत्रावर ठेवतो आणि दर रविवारी क्लाउडवरून उतरवलेल्या प्रती तिच्याशी ताडून पाहतो.