आप्पांच्या इन्स्टिट्यूटमधली तिसरी-चौथी

अमळनेरला आप्पांनी टायपिंग इन्स्टिट्यूट काढली तेव्हा आठ मशिनं होती, सहा इंग्रजी आणि दोन मराठी. पारोळा, चोपड्याहून एसटीने पोरं यायची. मिनिटाला ३०-४० शब्दांची शासकीय परीक्षा द्यायची आणि भरतीच्या जाहिरातीची वाट बघायची. पुढे परीक्षा संगणकावर गेली, मशिनं निघाली आणि इन्स्टिट्यूट माझ्याकडे आली.

एक गोष्ट मला सारखी खटकायची. वीस-बावीस वर्षांची मुलं दोन बोटांनी झरझर टाइप करत येत आणि ती सवय मोडण्यातच दोन महिने जात. ती लागायच्या आधीच शिकवलं तर? म्हणून तिसरी-चौथीची बॅच सुरू केली.

पहिली बॅच माझ्याच चुकीने फसली. मी परीक्षेचाच साचा लावला होता: रोज एक तास, आणि फळ्यावर प्रत्येकाचा स्पीड. पंधरातली सहा मुलं टिकली. त्या सहांकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, की आठ वर्षांच्या करंगळीत जोर नसतो, पाय लोंबकळले की पाठ वाकते आणि फळ्यावरचा आकडा दिसला की नजर कळांवर जाते. सुताराकडून पायाखाली पाट करून घेतले, तास वीस मिनिटांवर आणला, स्पीड लिहिणं बंद केलं. पहिला आठवडा फक्त ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरचे उंचवटे डोळे मिटून शोधायचे. मग हातांवर रुमाल टाकून सराव.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट घेतलं. कीबोर्डवरच्या अक्षरांचा हा आराखडा भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण केला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘कापूस’ लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. आमच्या मुलांना हा शब्द दोन दिवसांत बोटांत बसतो. शिफ्ट दाबली की क चा ख, त चा थ होतो, हेही त्यांना पटकन कळतं. अडतात ती पहिल्या वेलांटीला. वहीत ती अक्षराआधी काढायची, इथे अक्षरानंतर दाबायची. त्यावर मी घाई करत नाही. मोठ्याने ‘क ला पहिली वेलांटी’ म्हणायला लावते. तोंडातला क्रम तोच बोटांचा.

एकदा एका मुलीने ‘शाळा’ ऐवजी तीनदा ‘शाया’ टाइप केलं. मी बोट दुरुस्त करायला गेले, तर बोट बरोबरच होतं. तिच्या घरी अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत शाळेची शाया, डोळ्याचा डोया होतो. कानाने ऐकलेलं तिने चोख टाइप केलं होतं. त्या दिवसापासून मी चुकांच्या दोन याद्या ठेवते, एक बोटाची, एक भाषेची. भाषेच्या यादीतल्या शब्दाला लाल खूण कधीच होत नाही. ळ शिफ्टसह ‘एन’ कळीवर असतो. तो वेगळा गिरवून घेते.

आता दोन शाळांत आठवड्याला दोन तास जाते. पालक अजून विचारतात, ‘मॅडम, स्पीड किती आला?’ मी त्यांना मुलाच्या मागे उभं करते आणि दाखवते: नजर पडद्यावर आहे, हात रुमालाखाली आहेत.

यंदा मुलांसाठी अहिराणी शब्दांचीही सराववही केली आहे. मुलं आजीला विचारून शब्द आणतात.