बार्ड्सीच्या वाटेवरचे आबरदारोन

होलीवेलचा झरा, बँगोरचे कॅथीड्रल आणि क्लिनॉग वाउरचे संत बेनोचे चर्च मागे पडले, आणि पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. बार्ड्सी या पवित्र बेटाकडे नेणाऱ्या, उत्तर वेल्समधल्या या जुन्या यात्रामार्गावर ना दिंडी, ना विणेकरी. मुखी ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ चालू होते, पण टाळांवाचून पावलांना ठेका मिळत नव्हता आणि त्याची चिडचिड होत होती.

पोर्थोरच्या अलीकडे टाचेचा फोड फुटला. पाऊस तिरपा झोडपत होता, रक्ताने मोजा कातडीला चिकटला होता. एका शेतघरातल्या वृद्ध बाईंनी काही न विचारता मला बाकावर बसवले, घमेल्यात मिठाचे कोमट पाणी आणले, आणि मी नको नको म्हणत असताना स्वतः खाली बसून, मोजा थोडा थोडा भिजवत, कातडी न ओढता सोडवला. पट्टी बांधताना त्या माझ्याशी वेल्शमध्येच बोलत राहिल्या. वारीत गावोगावचे लोक पाय चेपायला येतात तेव्हा मी संकोचाने पाय मागे घेत आलो आहे; त्या दुपारी घेतले नाहीत.

आबरदारोनला पोहोचलो तो थेट ‘अ गेगिन वाउर’मध्ये. सुमारे 1300 साली बार्ड्सी बेटाकडे निघालेल्या यात्रेकरूंसाठी बांधलेले हे स्वयंपाकघर आजही येणाऱ्यांना जेवू घालते. संत हविनचे चर्च अगदी पुळणीच्या काठावर आहे. गावकऱ्यांनी 1841 मध्ये वरच्या बाजूला नवे चर्च बांधले, पण 1868 मध्ये जुन्याची डागडुजी करून ते तेथेच परतले, हे फार चांगले झाले. कवी आर. एस. थॉमस 1967 ते 1978 येथे धर्मगुरू होते. मी मात्र बराच वेळ सेनाकसच्या शिळेपुढे थांबलो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या लॅटिन लेखात हा पुरोहित पुष्कळ बांधवांसह येथे पहुडला आहे, असे कोरले आहे. टाळांवाचून चाललेल्या मला त्या ‘पुष्कळ बांधवां’नी भरून आले.

वाऱ्यामुळे होडी सुटणार नव्हती. तीन वेळा बार्ड्सी म्हणजे एकदा रोम, असे जुने यात्रेकरू मानीत, आणि मला एकदाही मिळेना, याचा संताप आला. लंगडत उखमनिदच्या माथ्यावर चढलो, तेव्हा खवळलेल्या सामुद्रधुनीपलीकडे ते बेट दिसले. कळसदर्शनानेही वारी रुजू होते हे मी मानतो, तरीही त्या दर्शनाने माझे समाधान झाले नाही; म्हणून मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या सकाळी पोर्थ मेइदवीच्या होडीसाठी नाव नोंदवले.