तूर वर, तूर खाली

बुधवार, रात्री

सोमवारी मंद्रूपच्या रानातून सात पोती तूर घरी आली. मळणी घाईत झाली होती. दाणा दाताखाली धरला की कट्कन फुटत नाही, नुसता दबतो. चार उन्हं दिल्याशिवाय अडतीला न्यायची नाही, असं भाऊजींनी बजावलंय, म्हणून ती माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, पसरलीय. थंडीही चांगली पडलीय. पहाटे चादर गुंडाळूनच मी वर जाते, पायाने तूर उलथते आणि खाली येते.

आज संध्याकाळी लेकीने मोबाईलवर दाखवलं, शनिवारी हलका पाऊस. डिसेंबर सरत आलाय आणि सोमवारी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, रानात जाऊन पुजायची आणि जेवायची. आत्याबाई म्हणाल्या, "येळवशीला पाऊस? ज्वारी फुलात हाय की गं." त्यांना आधी रान आठवतं. मला माळवद आठवलं.

गुरुवार

सकाळी अंदाज बदललेला. हलका पाऊस गेला आणि त्याच्या जागी विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारा आल्या. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस. सोलापूर जिल्ह्याला पिवळा रंग.

हवामान खात्याचे हे रंग मला २०२० नंतर पाठ झालेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हला. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि तेलंगणा, उत्तर कर्नाटक करत थेट आमच्यावर आला. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसं गेली. आमच्याकडे कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्रीची माझी चूक मी विसरलेले नाही. गळू नये म्हणून मी सगळ्या माळवदावर प्लास्टिकचा कागद अंथरला होता आणि कडेने विटा ठेवल्या होत्या. पन्हळात पाला अडकलाय हे मात्र पाहिलं नव्हतं. पाणी कागदावर साचलं, त्याच्या वजनाने एक कोपरा खाली दबला, आणि सगळं पाणी त्याच कोपऱ्यातून माजघरात उतरलं. तुळईच्या कडेने मातीचं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. दुसऱ्या दिवशी त्या तुळईला टेकू द्यावा लागला. तो अजून आहे.

आमचं घर गावठाणातलं, पुढचा सोपा आणि माजघर माळवदाचं, मागचं स्वयंपाकघर पत्र्याचं. माळवद पावसाळ्याच्या तोंडाला नीट केलेलं असतं, पण डिसेंबरात त्याचा भरवसा नसतो. दोन महिन्यांच्या कोरड्या हवेने पांढऱ्या मातीला भेगा पडतात. उन्हाळ्यात त्या दिसतात, म्हणून आपण बुजवतो. हिवाळ्यात कुणी वर बघत नाही. म्हणून आज सगळ्यात आधी पन्हळ साफ केलं, तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय का पाहिलं. मग भेगा. कोरडी माती नुसती भुरभुरवून चालत नाही, पहिल्याच सरीला ती वाहून पन्हळात बसते. माती थोडी ओली करून, भेगेत कोंबून, धुम्मसाने चोपून घ्यावी लागते. ह्यांनी आणि मी मिळून दुपारपर्यंत ते केलं. उजेडाच्या झरोक्यावर पत्रा ठेवला आणि त्यावर दगड.

मग तूर खाली आणली. साडेतीन क्विंटल, घमेल्या-घमेल्याने. सोप्यात भिंतीला लावून पोती रचली. हात भरून आले, पण मन हलकं झालं.

संध्याकाळी सात वाजता लेक म्हणाली, "आई, पिवळा गेला." आता मराठवाडा आणि विदर्भ. सोलापूरला फक्त ढगाळ.

शुक्रवार

आजचा दिवस मला सविस्तर लिहायचाय, कारण आज जे झालं ते माझ्यामुळे झालं.

सकाळी लख्ख ऊन. पोत्यात हात घातला तर तूर कोमट लागली. ओलसर दाणा पोत्यात कोंडला की आतून गरम होतो, मग त्याला वास लागतो, डाळ काळपट पडते. हे म्हणाले, "राहू दे एक दिवस. तोंडं उघडी ठेव, पंखा लाव." मला ते पटलं नाही. अंदाजात पाऊस नाही, वर ऊन आहे, मग तूर खाली कशाला? नऊ वाजता परत सगळी वर नेली.

साडेबाराला सोलापूर पुन्हा पिवळ्यात. वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर, विजा. दोनच्या सुमारास तुळजापूरच्या बाजूने आभाळ काळं झालं. मग काय, धावाधाव. काल घमेल्याने भरली होती, आज खराट्याने ओढली. वारा सुटलेला, तुरीचा भुसा आणि माळवदाची माती एक झालेली, आणि पोती जिन्यातून उतरवून सोप्यात ओतता-ओतता सगळा धुरळा आत. सोप्यात आत्याबाई बसलेल्या. त्यांना दमा आहे. मला हे ठाऊक आहे, रोज मीच त्यांना पंप देते, आणि तरी त्या घाईत मी त्यांना आधी आत नेलं नाही. त्या पदर नाकाला लावून बसून राहिल्या. मध्ये उठल्या नाहीत, कारण आम्हाला वाट अडायला नको.

पाऊस पडला नाही. आभाळ आलं तसं बार्शीकडे गेलं.

रात्री अकराला त्यांना धाप लागली. छातीत शिट्टी वाजत होती. वाफेचं मशीन (नेब्युलायझर) लावलं, पंधरा-वीस मिनिटांनी जरा आराम पडला. उशाला दोन उशा देऊन बसवून ठेवलंय. मी शेजारी बसून हे लिहितेय.

बसल्या-बसल्या हा अंदाज असा का हलतो ते वाचत होते. उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताची थंड, कोरडी हवा वरच्या थरातून येते. बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे बाष्प असलेले वारे खालून येतात. दोघांची गाठ जिथे पडते तिथे ढग उभे वाढतात, आणि हिवाळ्यात गोठणबिंदूची पातळी खाली असल्याने गारा वितळायच्या आत जमिनीवर पोचतात. ही गाठ पन्नास किलोमीटर वर पडली की तुळजापूर, खाली पडली की आम्ही. आणि गारांचा एकेक ढग काही किलोमीटरच्याच पट्ट्यात झोडपतो. आमचा जिल्हा करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटर. रंग सगळ्यांना एकच. म्हणजे तो पिवळा रंग माझ्या माळवदाबद्दल काही सांगतच नव्हता. शक्यता सांगत होता, आणि ती शक्यता गुरुवारी संध्याकाळी कमी झाली तरी संपली नव्हती. मी मात्र "पिवळा गेला" हे "पाऊस गेला" असं ऐकलं. हे ऐकायचं मला बदलायला हवं. वाईट अंदाज आला की तयारी करावी, हे मी शिकले होते. चांगला अंदाज आला म्हणून केलेली तयारी लगेच मोडू नये, हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या झोपल्यात. शिट्टी थांबलीय.

शनिवार

तूर खालीच. पोत्यांची तोंडं उघडी ठेवली, आत हात घालून दर तीन तासांनी उलथायची, पण आत्याबाई मागच्या खोलीत असताना आणि सोप्याचं दार लावून. त्यांचं अंथरूण माजघरातून हलवलं. सोपा ओल्या फडक्याने पुसला, झाडू नाही.

शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तर मशीनपुरती वायर भिंतीवरून घेऊ का, असं विचारायला गेले. त्यांनीच वायर काढून ठेवली होती. तरी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लाईट नसली तरी घाबरू नका, पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, लावून औषध द्या, तेही तितकंच पोचतं. स्पेसर कपाटात धूळ खात होता. धुतला, तसाच वाळत ठेवला, फडक्याने पुसला नाही.

पाण्याचं आम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. चार-पाच दिवसांनी नळ येतो, पिंपं भरलेलीच असतात. ज्वारीचं पीठ आहे, कडक भाकरी आहेत, शेंगाचटणी आहे. खाण्याच्या बाबतीत सोलापूरच्या घराला वादळाची वेगळी तयारी लागत नाही.

अंदाज आज दिवसभरात दोनदा बदलला. लेकीला सांगितलं, वहीत लिही. किती वाजता काय म्हटलं आणि आपण काय केलं. दुसऱ्या रकान्यात दोन्ही वेळा एकच शब्द आला: काही नाही.

शनिवार, पहाटेचे साडेतीन (म्हणजे रविवारच)

आला. सव्वादोनला वाऱ्याने मागचं दार आपटलं, पाच मिनिटांत लाईट गेली. वीज आणि गडगडाट यांत मी आकडे मोजत होते. तीन सेकंदाला एक किलोमीटर. बारा, मग नऊ, मग चार. मग पत्र्यावर गारा.

गारांचा आवाज मला सोसत नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली, तेव्हा मी माहेरी कासेगावला होते. द्राक्षबाग काढणीला आलेली. दहा-बारा मिनिटांत सगळं झालं. अण्णा बागेत गेले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. मण्यांचा आंबूस वास आठवडाभर घरात येत होता. आज अंधारात उभी राहून मी तोच वास शोधत होते.

आजच्या गारा हरभऱ्याएवढ्या होत्या. तीन-चार मिनिटं पडल्या आणि मग नुसता पाऊस. बॅटरी घेऊन माजघरात गेले. टेकूची तुळई कोरडी. झरोक्याच्या कडेने एक बारीक धार, तिच्याखाली पातेलं. पन्हळातून पाणी गल्लीत धो-धो पडताना ऐकू येत होतं. आत्याबाई जाग्या होत्या. त्यांनी विचारलं, "तूर?" म्हटलं, "आत हाय." त्या पुन्हा आडव्या झाल्या.

वायर लागली नाही. मशीनही लागलं नाही.

रविवार

भाऊजींचा फोन सकाळीच. गारा त्यांच्याकडे नाहीत, वारा जोरात होता. पूर्वेच्या कडेची मालदांडी ज्वारी आडवी पडलीय, अर्धा एकरभर. माणसाच्या डोक्यावर जाणारं ताट, वारं आलं की आधी तीच झोपते. फुलातल्या ज्वारीवर पाऊस म्हणजे पराग धुतला जातो, दाणा किती भरेल ते आता आठ-दहा दिवसांनी कळेल. हरभऱ्यावरची आंब धुऊन गेली. हे सगळं ते एका दमात बोलले आणि मग म्हणाले, "वैनी, उद्या येताय न्हवं?"

उद्याचा प्रश्न अवघड होता. उद्यासाठी अंदाज: दुपारनंतर एक-दोन ठिकाणी हलका पाऊस. येळवशीला सगळे रानात, उघड्यावर, कडब्याच्या कोपीत. कोपी म्हणजे विजेपासून आडोसा नव्हे, आणि बांधावरच्या लिंबाखाली उभं राहणं तर त्याहून वाईट. शिवाय थंड ओलं रान आणि आत्याबाईंची छाती. पण आंबील आज लावली तरच उद्या आंबते. भज्जीला तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आज सोलावे लागतात. ठरवायचं आजच, अंदाज उद्या सकाळी बदलणार.

मी आत्याबाईंना विचारलं. शुक्रवारी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आंबील लाव. न्हाय गेलो तर घरात पिऊ. जायचं का न्हाय ते सकाळी माझी छाती सांगंल."

आंबील लावली. सगळ्यांनी मिळून दाणे सोलले.

सोमवार

सकाळी धुकं, मग ऊन. जिल्ह्यावर रंग नाही. दामिनी ॲप लेकीच्या मोबाईलवर चालू ठेवलं, चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडली की ते सांगतं. ठरवलं, तसं झालं की जेवण अर्धं टाकून सगळ्यांनी गाडीत बसायचं. पाहुण्यांनाही जाताच सांगितलं, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अकराला निघालो, आत्याबाई पुढच्या सीटवर, कान बांधून, पंप आणि स्पेसर पिशवीत. कोपीचा कडबा खालून ओला होता, भाऊजींनी आत कोरडा पसरला होता. चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. हे आणि भाऊजी आंबील शिंपडत रानाला फेरी घालायला निघाले, "ओलगे ओलगे" म्हणत. आडव्या पडलेल्या ज्वारीपाशी भाऊजींचा आवाज जरा खाली आला, पण फेरी तिथूनही घातली, कड सोडली नाही. आत्याबाई कोपीत बसूनच त्या तुकड्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "वरची पेरं उठतील. समदी न्हाय, पर उठतील."

चारच्या आत घरी. पाऊस नाही.

आठवडाभर कोरडं, असं आजचा अंदाज सांगतो. तूर अजून सोप्यात आहे. उद्या माळवद दुपारपर्यंत वाळू द्यायचं, परवा सकाळी दहा वाजता, दव उडाल्यावर, ती वर न्यायची. घमेल्याने. आत्याबाई तेवढा वेळ काकूंच्या घरी बसतील, हे मी काकूंशी बोलून ठेवलंय.