लेंड्या कोठी हायेत?

"इतके मोठ्ठाले ससे, अन् लेंड्या कोठी हायेत यायच्या?"

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आई उद्याच्या भाजीसाठी लसूण सोलत बसली होती आणि समोर टीव्हीवर बैलाएवढे ससे अ‍ॅरिझोनाच्या माळावरून उधळत येत होते. मी 'नाइट ऑफ द लीपस' हा सिनेमा हसण्यासाठी म्हणून लावला होता. असले सिनेमे हे माझं जुनं व्यसन आहे. आईला झोप येत नव्हती म्हणून ती बसली, आणि पहिल्या वीस मिनिटांतच तिने असा प्रश्न विचारला की मी रिमोट हातात धरून गप्पच झाले. खरंच की. साधे दोन ससे पाळले तरी अंगण रोज झाडावं लागतं. इथे तर अख्खा कळप, तोही बैलाएवढा, आणि माळ कसा लख्ख!

1972 साली हा सिनेमा एमजीएमने काढला. स्टुडिओ बडा, पण या खेपेला खिशात हात घालायला कुणी तयार नसावं. पाळीव ससे आणले, खेळण्यातल्या घरांमधून त्यांना पळवलं, ते संथ गतीने दाखवलं, तोंडाला लाल रंग फासला आणि वर टापांसारखे आवाज चढवले. माणसावर झडप घालायची वेळ आली की सशाचा पोशाख घातलेला माणूस. नाव ठेवताना 'लीपस' हा भारदस्त लॅटिन शब्द शोधला, तर तोही भलत्याच प्राण्याचा निघाला. इंग्रजीत 'हेअर' म्हणतात त्या रानसशाचा तो शब्द, आणि पडद्यावर सगळे गुबगुबीत पाळीव. मराठीत ही भानगडच नाही, दोघंही ससेच.

गंमत अशी की ज्या ऑस्ट्रेलियन कादंबरीवरून हे घेतलं, ती रसेल ब्रॅडनची कादंबरी मुळात विनोदी होती, राजकारण्यांची टर उडवणारी. सिनेमावाल्यांनी त्यातला विनोद काळजीपूर्वक काढून टाकला आणि गंभीर भयपट केला. त्यामुळे तो इतका विनोदी झाला.

मला या सिनेमांत राक्षसापेक्षा माणसांचे चेहरे बघायला आवडतात. 'सायको'मध्ये न्हाणीघरात किंचाळलेली जॅनेट ली इथे शास्त्रज्ञाची बायको आहे. 'स्टार ट्रेक'मधला डॉक्टर, डीफॉरेस्ट केली, इथे मिशा लावून कॉलेजचा प्रमुख झालाय. एकाच्याही ओठाचा कोपरा हलत नाही. समोर काही नसताना, फार तर कुणीतरी "इकडे बघा, इथे ससा आहे असं समजा" म्हणालं असेल, एवढ्यावर हे लोक घाबरतात, धीर देतात, बंदुका भरतात. पोटासाठी माणूस काय काय मनापासून करतो!

याची सगळ्यात करुण कथा जेफ मॉरो या नटाची. 1957च्या 'द जायंट क्लॉ'मध्ये जहाजाएवढा पक्षी विमानं गिळतो. निर्माता सॅम कॅट्झमन पै-पैचा हिशोब ठेवणारा. त्याने पक्ष्याची बाहुली मेक्सिकोत स्वस्तात करून घेतली. मॉरो आणि मंडळींनी शूटिंगभर आभाळाकडे बघून जीव तोडून अभिनय केला, पण पक्षी कुणीच पाहिला नव्हता. मॉरोने तो पाहिला थेट आपल्या गावच्या थिएटरात, ओळखीच्या लोकांमध्ये बसून. पडद्यावर आलं ते गिधाडाची मान, वटारलेले डोळे आणि डोक्यावर केसांचा झुपका असलेलं, दोऱ्यांवर लोंबकळणारं काहीतरी. थिएटर हसून लोटपोट झालं. कुणी ओळखू नये म्हणून मॉरो मधूनच गुपचूप घरी निघून गेला, असं तो पुढे सांगायचा. मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय आणि आता त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसवत नाही. पक्ष्याकडे बघून मात्र हसतेच.

लहान वस्तू मोठी भासवायची तर हिशोब लागतो, आणि तो जपान्यांनी नीट केला. 1954चा पहिला गॉडझिला पन्नास मीटर उंच, आणि आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस, अंगावर शंभर किलोच्या आसपासचा पोशाख. शहर पंचविसाव्या हिश्श्याचं. आता दोन मीटरची इमारत कोसळायला पाऊण सेकंदही लागत नाही, पन्नास मीटरची कोसळायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म पाचपट वेगाने पळवून दृश्य संथ दाखवायचं, की खेळण्याला वजन येतं. फक्त पाणी ऐकत नाही. समुद्र बादलीएवढा केला तरी थेंब थेंबाएवढाच राहतो, आणि राक्षसाच्या खांद्यावरून बोराएवढे थेंब ओघळले की सगळं उघडं पडतं. सशांचं तर आणखी वेगळं. संथ केला की ससा वजनदार वाटत नाही, स्वप्नाळू वाटतो. त्याचे कान असे काही लहरतात की घाबरण्याऐवजी उचलून घ्यावंसं वाटतं.

तो पहिला गॉडझिला मुळीच हसण्यासारखा नव्हता. हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख जपानी कोळ्यांच्या बोटीवर पडली, त्याच वर्षीचा तो सिनेमा. पुढे पैसा आटत गेला, प्रेक्षकांत पोरं वाढली, आणि 1965 साली हाच गॉडझिला लढाई जिंकून हवेत उड्या मारत नाचला. मला दोन्ही गॉडझिला आवडतात. नाचणारा जरा जास्त, पण हे जाणकारांसमोर बोलायची सोय नाही.

आईला मी दुसऱ्या रात्री 'बिगिनिंग ऑफ द एंड' दाखवला. तोही 1957चा. त्यात महाकाय नाकतोडे शिकागोवर चालून येतात. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन याने काय केलं, तर इमारतींचे फोटो घेतले आणि त्यांवर खरे नाकतोडे सोडले. एक नाकतोडा इमारतीवरून चढत चढत वर जातो आणि जरा चुकून पाय आभाळावर ठेवतो. आभाळावर! तिथेही तो आरामात उभा राहतो, कारण फोटोच तो. टेक्सासहून दोनशे नाकतोडे आणले होते म्हणे. कॅलिफोर्नियात पैदास होऊ नये म्हणून फक्त नर. त्यांनी एकमेकांनाच खाल्लं आणि शेवटी बाराच उरले.

मला वाटलं आई हसेल. ती म्हणाली, "हे कायले भेवाचं? एकच तं हाये. चपलीनं नाही मेला तं बंदुकीनं मरन."

तिचं माहेर नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडचं. मे 2020मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, त्या भागात टोळधाड उतरली होती. मामाच्या वाडीत संत्र्याची झाडं हिरवी दिसायची ती एकाएकी करडी दिसायला लागली, असं तिने फोनवर ऐकलेलं. सगळं गाव ताटं, डबे, पत्रे बडवत शेतात उभं. रात्री टोळ झाडांवर बसले की फवारणी. बोटाएवढा किडा, पण लाखोंनी. तिच्या लेखी शिकागोवाल्यांची अडचण अगदीच किरकोळ होती. "डबे नव्हते काय त्यायच्याकडे?" एवढंच तिने विचारलं.

आता असे सिनेमे मुद्दाम करतात. 1978च्या 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज'पासून ते उघडच थट्टा म्हणून निघायला लागले. त्यात भाड्याचं हेलिकॉप्टर शूटिंगमध्ये खरोखरच कोसळलं. आतली माणसं वाचली, कॅमेरा चालू होता, आणि त्यांनी तो अपघात तसाच सिनेमात ठेवला. ही काटकसर मला मनापासून पटते. 'शार्कनेडो' मात्र नाही. वावटळीतून शार्क मासे लॉस एंजेलिसवर पडतात आणि नायक करवत घेऊन धावतो, इथवर ठीक. पण दर दोन मिनिटांनी सिनेमा आपल्याला कोपराने ढोसतो, कशी केली गंमत? एखादा पाहुणा विनोद सांगून आपल्या तोंडाकडे बघत बसतो ना, तसं होतं. आईला तो दहा मिनिटं दाखवला. ती उठून कुकर लावायला गेली. विचारायला प्रश्नच नव्हता.

सशांचा शेवट राहिला होता, तो आम्ही रविवारी दुपारी पूर्ण केला. योजना अशी: रेल्वेच्या रुळांत वीज सोडायची आणि कळप तिकडे वळवायचा. वळवायला उजेड हवा. तर पोलीस थेट ड्राइव्ह-इन थिएटरात जातात, सिनेमा थांबवतात, आणि गाड्यांत बसून पॉपकॉर्न खाणाऱ्या प्रेक्षकांना सांगतात, महाकाय ससे येत आहेत, चला, हेडलाइट लावून रांगेत उभे राहा. आणि लोक जातात! कुणी "काय थट्टा करता" म्हणत नाही, कुणी तिकिटाचे पैसे मागत नाही. सगळे गपगुमान गाड्या काढतात.

मी लोळून हसत होते. आई मात्र चष्मा लावून पुढे सरकली होती. ससे रुळांकडे निघाले, हेडलाइट लागले, ठिणग्या उडायला लागल्या.

"अन् नेमकं लोडशेडिंग असतं तं?" ती म्हणाली.